कंगोरा नसलेलं कपाळ: एका क्लिंगॉन शिवीचं प्रकरण

प्रसंग असा धरू. मराठीत एक छोटी हौशी नाटिका बसते आहे. त्यात दोन क्लिंगॉन योद्धे, मध्ये टेबल, टेबलावर मद्याचे पेले. पहिल्यानं दुसऱ्याला एकच शिवी हासडायची आहे, क्लिंगॉन भाषेत, आणि ती ऐकून दुसऱ्यानं पेला खाली ठेवला पाहिजे. पडद्यावर खाली मराठी ओळ येणार. लेखकाकडे शब्दकोश आहे, व्याकरण मात्र अर्धंमुर्धं. अशा वेळी काय काय बिघडतं आणि ते कसं सुधारायचं, एवढंच हे प्रकरण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्लिंगॉन ही 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळमालिकेतल्या एका लढाऊ परग्रही जमातीची भाषा. 1979 च्या पहिल्या चित्रपटात तिच्या जेमतेम काही ओळी होत्या. 1984 च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञानं तिला पुरतं व्याकरण दिलं आणि 1985 मध्ये तिचा शब्दकोश छापून आला. ओक्रँड यांचा प्रबंध कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या आदिवासी भाषेच्या व्याकरणावर होता आणि पोटापाण्याचं काम टीव्हीवर कर्णबधिरांसाठी अक्षरं देणाऱ्या संस्थेत. आपल्या प्रसंगातही शेवटी घोडं पडद्याखालच्या अक्षरांपाशीच अडणार आहे.

लिपीचं आधीच ठरवून टाकू. क्लिंगॉन रोमन लिपीत लिहितात तेव्हा लहान आणि मोठ्या अक्षरांचे उच्चार वेगळे असतात. देवनागरीत आपण ख़ म्हणजे घशातून घासून येणारा 'ख़ुदा'मधला आवाज, क़ म्हणजे 'क़लम'मधला पडजिभेपाशी अडणारा, आणि क़्ख़ म्हणजे हे दोन्ही एका झटक्यात, खाकरल्यासारखे, असं धरू. अक्षराला वर जोडलेली ’ ही खूण म्हणजे घसा क्षणभर बंद करणं.

पहिला खर्डा बहुतेक सगळे एकाच शब्दानं करतात: 'पेताक़्ख़!' शब्दकोशात असे पाच-सहा शब्द आहेत: ताख़क़ेक़, यिन्ताग़, तोड्षाख़, क़्ख़ोव्पात्ल्ह. यांच्यासमोर अर्थ लिहिलेलाच नाही. नुसतं म्हटलंय की हे समोरच्याला उद्देशून वापरायचे अपशब्द. ग़ुय्’चा’, क़्ख़ि’याख़, क़्ख़ु’वात्ल्ह हे दुसऱ्या गटातले. ते कुणाला उद्देशून नसतात, वैतागून तोंडातून निसटतात, आपल्या 'च्यायला'सारखे. त्यांनाही अर्थ नाही. टीव्हीवर चालायचं तर ही युक्ती फार सोयीची. अर्थच नसलेल्या शिवीवर कात्री कोण चालवणार? पण आपल्या नाटिकेत हीच सोय आड येते. पेताक़्ख़ खाली मराठीत काय लिहिणार? 'हरामखोर' लिहिलं तर जन्माचा संदर्भ चिकटतो, 'गाढवा' लिहिलं तर मास्तर रागावल्यासारखं वाटतं. आवाज कडक, आत पोकळ. दुसऱ्या योद्ध्यानं पेला खाली ठेवावा असं त्यात काही नाही.

म्हणून दुसरा खर्डा. क्लिंगॉन शिकणाऱ्यांत सगळ्यात गाजलेली शिवी आहे:

ख़ाब षोषलि’ क़्ख़ूच.

शब्द तीन, उच्चारखंड चार. 'तुझ्या आयला' म्हणायला लागतो तेवढाच वेळ. ख़ाब म्हणजे गुळगुळीत असणं, हे क्रियापद. षोष म्हणजे आई, लि’ म्हणजे तुझी, क़्ख़ूच म्हणजे कपाळ. तुझ्या आईचं कपाळ गुळगुळीत आहे.

यात शिवी कुठे आली? क्लिंगॉनच्या कपाळावर हाडाचे कंगोरे असतात आणि ते घराण्याची ओळख मानले जातात. पण मूळ मालिका 1966 ते 1969 या काळात आली, तिच्यातल्या क्लिंगॉनांची कपाळं आपल्यासारखीच सपाट होती. रंगभूषेला पैसे नव्हते. कंगोरे आले ते 1979 च्या चित्रपटात. मग सपाट कपाळाचे ते जुने क्लिंगॉन कोण, हा प्रश्न चाहत्यांच्या मनात कितीतरी वर्षं राहिला. 1996 च्या एका भागात नव्या मालिकेतली मंडळी काळात मागे जाऊन त्या जुन्या क्लिंगॉनांना प्रत्यक्ष पाहतात. त्यांच्यातल्या वॉर्फ या क्लिंगॉनला खुलासा विचारला, तर तो बाहेरच्यांशी आम्ही हा विषय काढत नाही एवढंच म्हणतो. 2005 मध्ये उत्तर मिळालं: मानवी जनुकांवरच्या प्रयोगातून एक विषाणू पसरला आणि लाखोंच्या कपाळावरचे कंगोरे गेले. थोडक्यात, आईचं कपाळ गुळगुळीत म्हणणं म्हणजे त्या झाकलेल्या लाजेला बोट लावणं. घरातली अळीमिळी गुपचिळी चारचौघांत बोलून दाखवणं. पेताक़्ख़ या शब्दाला ही धार येणं शक्यच नव्हतं.

आता मराठी लेखक हे वाक्य स्वतः बनवायला बसला की पहिली चूक हमखास एकच होते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून तो लिहितो: 'षोषलि’ क़्ख़ूच ख़ाब.' शब्द तेच, एकही चुकलेला नाही. पण क्लिंगॉनमध्ये गुण दाखवणारं क्रियापद नामाच्या नंतर बसलं की ते विशेषण होतं. मग याचा अर्थ उरतो फक्त 'तुझ्या आईचं गुळगुळीत कपाळ'. वाक्यच नाही. ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत बसेल: बरं, गुळगुळीत कपाळ, त्याचं काय? मराठी माणसाला ही चूक चूक वाटत नाही, कारण आपल्याकडे अर्धवट तोडलेला तुकडाच शिवी असतो. 'तुझ्या आयला' यात क्रियापद कुठे आहे? 'आयचा घो' यात कुठे आहे? मराठीत क्रियापद गिळायचं आणि बाकीचं समोरच्यानं समजून घ्यायचं. क्लिंगॉनमध्ये क्रियापद आधी, कर्ता शेवटी, आणि कर्म असेल तर ते क्रियापदाच्याही आधी. तिथे ठामपणे विधान करावं लागतं, तरच लागतं.

या क्रमाच्या घोळात याहून वाईटही होतं. क़्ख़ूच या शब्दाला दोन अर्थ आहेत: नाम म्हणून कपाळ, क्रियापद म्हणून आनंदी असणं. घाईत कुणी 'क़्ख़ूच षोषलि’' म्हणाला तर त्याचा अर्थ 'तुझी आई सुखात आहे'. आणि तिन्ही शब्द उलटेपालटे होऊन 'क़्ख़ूच षोषलि’ ख़ाब' झालं तर 'तुझी गुळगुळीत आई सुखात आहे'. व्याकरण बिनचूक, शिवीच्या जागी आशीर्वाद. तालमीत हा गोंधळ नक्की होतो, कारण नटाला तिन्ही शब्द पाठ असतात, क्रम नसतो. उपाय साधा: ख़ाब या शब्दावरच पहिला जोर द्यायचा आणि तो तोंडात आल्याशिवाय ओळ सुरूच करायची नाही.

तिसरी चूक 'तुझ्या'ची. मराठीत तुझ्या हा शब्द सुटा असतो, क्लिंगॉनमध्ये तो प्रत्यय होऊन नामाला चिकटतो. लेखक तो शेवटच्या नामाला लावून 'ख़ाब षोष क़्ख़ूचलिज' करतो. मग कपाळ समोरच्याचं होतं आणि आई नुसतीच मध्ये लोंबकळत राहते. प्रत्यय आईलाच लागला पाहिजे. षष्ठीसाठी वेगळा 'चं' लागत नाही, मालक आधी आणि वस्तू नंतर एवढं पुरतं. 'आहे' तर शोधूच नका, असं वेगळं क्रियापद या भाषेत नाही.

पण वरच्या चुकीत एक गोष्ट सरकून गेली. आईला लावताना प्रत्यय लि’ होता आणि कपाळाला लावताना लिज झाला. हा फरकच या प्रकरणाचं खरं मर्म आहे.

क्लिंगॉनमध्ये नामांचे गट लिंगानं पडत नाहीत, ते बोलता येण्यावर पडतात. भाषा बोलू शकणारे एका बाजूला, बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. तुझा मुलगा, तुझा सरदार, तुझी आई यांना लि’ लागतो. तुझं जहाज, तुझं कपाळ, तुझा खंजीर यांना लिज. आता आईलाच लिज लावला तर? व्याकरणाची चूक होत नाही. शब्दकोशात साफ म्हटलं आहे की असं करता येतं, पण ते अवमानकारक ठरतं, आणि 'माझे स्वामी' म्हणताना जोख़वि’ ऐवजी जोख़विज म्हणणं तर जवळजवळ निषिद्धच. म्हणजे एका व्यंजनाच्या बदलानं आई माणसांच्या रांगेतून उठून सामानाच्या रांगेत जाते. ख़ाब षोषलिज क़्ख़ूच. एकही अपशब्द नाही, तरी ही ओळ पहिल्या ओळीपेक्षा कितीतरी जहाल.

अनेकवचनातही हीच मेख आहे. बोलणाऱ्यांना पू’, अवयवांना डू’, बाकी सगळ्यांना मेय. मुलांना पूक़पू’ म्हटलं की ती मुलं. पूक़मेय म्हटलं की मुलं इकडेतिकडे विखुरलेली, पसाऱ्यासारखी. पाहुण्याच्या घरात हे बोलून बघू नये.

मराठीत हे नवीन नाही, फक्त आपण त्याकडे व्याकरण म्हणून पाहत नाही. 'तो येडा' आणि 'ते येडं' यात दुसरं जास्त का लागतं? 'कार्टा' म्हटलं तर मुलगा तरी उरतो, 'कार्टं' म्हटलं की वस्तूच झाली. कोल्हापूर-साताऱ्याकडे 'काय बेणं आहे' म्हणतात, तेही नपुंसकलिंगीच. हीच नपुंसकलिंगी रूपं 'लेकरू', 'बाळ', 'पोरगं' अशा लाडातही चालतात, म्हणून मराठीत शेवटचा निवाडा स्वर करतो. क्लिंगॉनमध्ये लाडाची वाट शब्दकोशानं ठेवलेली नाही. लिज म्हणजे अपमानच.

इथे उच्चाराचा भाग जवळून पाहायला हवा, कारण प्रेक्षकाला लि’ आणि लिज यातला फरक ऐकू आला नाही तर सगळं व्याकरण फुकट. सुदैवानं आघात मदतीला येतो. क्लिंगॉन नामात आघात साधारणपणे प्रत्ययाच्या आधीच्या खंडावर येतो. पण ’ ने संपणारा खंड असेल तर तो आघात आपल्याकडे ओढतो. म्हणून षोष-लि’ यात जोर लि’ वर पडतो आणि लगेच घसा बंद होतो, जणू कुणी वाक्य कापलं. षोष-लिज यात जोर षोष वर जातो आणि लिज घरंगळत खाली येतो. शेवटचं व्यंजन नटानं खाल्लं तरी आघातानं फरक कळतो. तालमीत आधी टेबलावर बोट आपटून आघात बसवून घ्यायचा, व्यंजनं मागाहून.

ष चा प्रश्न गमतीचा आहे. हा आवाज मराठी माणसाला जन्मजात यायला हवा, अक्षर आपल्या वर्णमालेतच आहे. प्रत्यक्षात आपण 'षटकोन' वाचतो तेव्हा बहुतेक जण 'शटकोन'च म्हणतो. क्लिंगॉनमध्ये स ही नाही आणि श ही नाही, फक्त ष. तो मिळवायचा मार्ग ड मधून जातो. ड म्हणायला जीभ जिथे उलटी वळून टाळूला टेकते तिथे न्या, टेकवू नका, किंचित फट ठेवा आणि हवा सोडा. 'ड-ष, ड-ष' असं दहा वेळा म्हटलं की जागा सापडते. क्लिंगॉन ड आपल्या ड सारखाच मूर्धन्य, त्यात इंग्रजी बोलणारे अडखळतात आणि आपण फुकटात सुटतो. ट मात्र त्या भाषेत नाही. ड आहे आणि ट नाही अशी भोकं ओक्रँड यांनी मुद्दाम ठेवली, माणसांच्या भाषेत सहसा नसते अशी ध्वनींची मांडणी व्हावी म्हणून.

षोष मधला शेवटचा ष घसरून ज झाला तर शब्द षोज होतो. षोज म्हणजे अन्न. 'तुझ्या जेवणाचं कपाळ' म्हणणाऱ्या योद्ध्यासमोर कुणी पेला खाली ठेवणार नाही, भरून देईल. आणखी एक: क़्ख़ूच मधला च 'चहा'तला, 'चमचा'तला नव्हे. ज सुद्धा 'जीव'मधला, 'जहाज'मधला नव्हे. दंततालव्य च-ज ही आपली खासियत, ती इथे घरी ठेवून यायची.

शिवीला तिखट लावायचं असेल तर दोन जागा आहेत. एक, वाक्याच्या अगदी शेवटी जाय्’. हा शब्द स्वतः काही म्हणत नाही, अख्ख्या वाक्याला शिवराळ करतो. शब्दकोशातलं उदाहरण आहे 'क़ाष्ताख़ नूक़ जाय्’', म्हणजे सरळ मराठीत 'काय चाललंय काय च्यायला'. आपला च्यायला सुरुवातीला, मध्ये, शेवटी कुठेही बसतो. क्रियेबद्दल सांगणारे बाकी बहुतेक क्लिंगॉन शब्द वाक्याच्या सुरुवातीला येतात, हा एकटा शेवटी. सुरुवातीला टाकला की क्लिंगॉन माणसाला कळतं, परका आहे.

दुसरी जागा क्रियापदाच्या शेपटीला. ख़ाबचू’ म्हणजे पूर्णपणे, डाग नसल्यासारखं गुळगुळीत. ख़ाबबेज म्हणजे नक्कीच गुळगुळीत. ख़ाबबा’ म्हणजे गुळगुळीत हे उघडच आहे, विचारता काय. आणि ख़ाबलाव्’ म्हणजे गुळगुळीत आहे असं दिसतं बुवा. हे चारही प्रत्यय एकाच गटातले, म्हणून एका वेळी एकच लागतो. 'ख़ाबचू’बेज' असा डबल डोस व्याकरण घेत नाही, आणि उत्साही नवशिका तोच देऊ पाहतो. चारांपैकी आमची पसंती लाव्’ ला. छातीठोक आरोपाला उत्तर देता येतं. 'असं कानावर आहे' याला काय उत्तर देणार? गावाकडची चावडी ज्यानं पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. पण नाटिकेत हा प्रत्यय घेऊ नये. त्याची धार कळायला प्रेक्षकाला क्लिंगॉन येत असावं लागतं.

उरली खालची मराठी ओळ, आणि इथे मोठा खड्डा आहे. घाईत कुणीही 'तुझ्या आईचं कपाळ कोरं' असं लिहील. नुसतं मराठी कानानं ऐका. कोरं कपाळ, मोकळं कपाळ, पांढरं कपाळ: यात कुंकू पुसलेली बाई दिसते. कपाळ पांढरं होणं म्हणजे नवरा जाणं. आपण वंशाच्या लाजेची शिवी द्यायला निघालो आणि प्रेक्षकाला विधवेची हेटाळणी ऐकू आली. शिवी लागेल, पण भलतीच, आणि मराठी प्रेक्षागृहात ती विनाकारण क्रूर ठरेल. 'गुळगुळीत' लिहिलं तर हा धोका टळतो, पण मग ओळ एखाद्या क्रीमच्या जाहिरातीसारखी वाचली जाते. 'सपाट' बरा, तरी कोरडा. कपाळ म्हटलं की आपल्याला नशीबही ऐकू येतं, 'कपाळकरंटा' त्यातलाच, म्हणून 'तुझ्या आईचं कपाळच तसलं' असं काही लिहायचा मोह होतो. तोही टाळावा, कारण मग विषय शरीराचा राहत नाही, दैवाचा होतो.

मार्ग असा: काय आहे ते सांगायचं सोडून काय नाही ते सांगायचं. 'तुझ्या आईच्या कपाळाला कंगोरा नाही.' कंगोरा हा शब्द पडद्यावरच्या योद्ध्यांच्या कपाळाकडे थेट बोट दाखवतो. ज्यानं 'स्टार ट्रेक'चा एकही भाग पाहिलेला नाही त्यालाही दोघांचे चेहरे समोर दिसत असतात, त्यामुळे वेगळी तळटीप लागत नाही. कुंकवाचा वासही येत नाही. क्लिंगॉन ओळीतलं होकारी विधान मराठीत नकारी झालं याची खंत करू नये.

लि’ आणि लिज यांचा फरक मात्र या ओळीत अजून उतरलेला नाही. तो दाखवायला प्रसंगातच जागा करावी लागते. पहिला योद्धा म्हणतो: 'ख़ाब षोषलि’ क़्ख़ूच.' जोर लि’ वर. दुसरा पेला ओठाशी तसाच धरून विचारतो: 'नूक़जात्ल्ह?' काय म्हणालास? ही शब्दकोशातलीच रोजच्या वापरातली विचारणा आहे. इथे जाय्’ जोडायचा मोह नटाला होतो, जोडू देऊ नये. पहिला तेच वाक्य पुन्हा म्हणतो, आवाज न चढवता, फक्त जोर मागे सरकवून: 'ख़ाब षोषलिज क़्ख़ूच.' पहिल्या वेळी खाली अक्षरं येतात, 'तुझ्या आईच्या कपाळाला कंगोरा नाही.' दुसऱ्या वेळी, 'तुझं ते म्हातारं, त्याच्या कपाळाला कंगोरा नाही.' पेला खाली ठेवायचा तो 'म्हातारं' पडद्यावर आल्यावर, त्याच्या आधी नाही.